पाटी आणि पासबुक

‘वेबसाइट काढायची आहे’ हे वाक्य हल्ली माढ्यासारख्या तालुक्याच्या गावातही सहज कानावर येते. पूर्वी ‘पिठाची गिरणी काढायची आहे’ किंवा ‘टेलिफोनचे बूथ टाकायचे आहे’ ही वाक्ये येत, तसेच. फरक एवढाच, की गिरणी काढणारा माणूस आळीत घरे किती, दुसरी गिरणी किती लांब, हे आधी मोजून घेई. दळण कुठून येणार हे त्याला ठाऊक असे. वेबसाइट काढू पाहणाऱ्या मुलांना मी विचारतो, ‘तिच्यावर ठेवणार काय?’ बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : ‘ते सगळं डिझायनर करून देतो.’ आणि त्यातून होणार काय? ‘कामं येतील.’

कामे येतील, ही आशा काही वेडगळ नाही. सिव्हिलची पदविका झालेला मुलगा, जीएसटीची विवरणपत्रे भरणारी मुलगी, लग्नाचे फोटो काढणारा, कथा-पटकथा लिहू पाहणारा, घरबसल्या शिकवण्या घेणारी बाई, यांच्यापैकी प्रत्येकाचे गिऱ्हाईक माढ्यात असेलच असे नाही. असले तरी पैसे देईलच असे नाही! मग कुर्डुवाडीला जायचे आणि पुण्याची गाडी धरायची. गेली तीस-चाळीस वर्षे आमच्या गावची शिकलेली पिढी हेच करत आली आहे. घरी आई-वडील, उसाचे किंवा डाळिंबाचे चार एकर, आणि पुण्यात भाड्याच्या खोलीत मुलगा. काम माणसाकडे आले तर माणसाला कामाकडे जावे लागणार नाही, एवढाच या वेबसाइटच्या खटाटोपाचा खरा अर्थ आहे. म्हणून मला तो क्षुल्लक वाटत नाही. आणि म्हणूनच तो ज्या पद्धतीने चालला आहे, ती पाहून वाईट वाटते.

मी पस्तीस वर्षे बँकेत काढली. त्यातली बरीचशी खेड्यापाड्यांतल्या शाखांत. कर्ज मागायला येणारी माणसे साधारण दोन तऱ्हेची असत. एक जण छापील लेटरहेड घेऊन येई. वर सोनेरी अक्षरांत फर्मचे नाव, खाली ‘प्रोप्रायटर’, कोपऱ्यात गणपती. फर्मचा व्यवहार मात्र अजून सुरू व्हायचा असे. दुसरी एखादी बाई पदराआडून प्लास्टिकची पिशवी काढी, आणि तिच्यातून दूध संघाच्या दहा-दहा दिवसांच्या बिलांच्या चिठ्ठ्या टेबलावर ओती. चुरगळलेल्या, कडब्याचा वास येणाऱ्या. कोणत्या पंधरवड्यात फॅट किती लागली, उन्हाळ्यात दूध किती घटले, म्हैस आटली तेव्हा किती दिवस खाडा पडला, सगळे त्यात असे. अधिकारी म्हणून माझा कल कुणाकडे जात असेल हे सांगायला नको. पाटी कुणीही रंगवून घेऊ शकतो. पासबुकातल्या नोंदी मात्र एकेका दिवसाने, काम केल्यावरच पडतात.

आज जी वैयक्तिक वेबसाइट म्हणून मला दाखवली जाते, ती दहांतल्या आठ वेळा पाटी असते. वर निळे पट्टे. सुटाबुटातली, आपल्या जिल्ह्यात कधीही न आलेली दोन माणसे हस्तांदोलन करताहेत. खाली ‘आम्ही दर्जेदार व तत्पर सेवा पुरवतो’. हे ‘आम्ही’ म्हणजे कोण, तर एकटा पोरगा आणि त्याचा लॅपटॉप. अनोळखी माणूस हे पान उघडतो, त्याला काहीच कळत नाही, तो मिटून टाकतो. त्याने आपल्याला नाकारले, हेसुद्धा आपल्याला समजत नाही. बँकेत निदान तोंडावर ‘नाही’ म्हणत असू.

नोंद म्हणजे काय, याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. आमच्याच तालुक्यात परितेवाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले नावाचे शिक्षक रुजू झाले, तेव्हा शाळेची मोडकळीला आलेली इमारत एका बाजूला जनावरांचा गोठा आणि दुसऱ्या बाजूला साठवणीची खोली यांच्या मधोमध उभी होती. पुढे त्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड बसवले. चौकोनी ठिपक्यांचे ते चित्र फोनने टिपले, की कविता ऐकू येते, धड्याची चित्रफीत दिसते. २०१७ मध्ये राज्य सरकारने ही पद्धत सर्व इयत्तांच्या पुस्तकांसाठी स्वीकारली, आणि पुढच्याच वर्षी एनसीईआरटीच्या पुस्तकांतही असे कोड देण्याचे केंद्राने जाहीर केले. ३ डिसेंबर २०२० रोजी लंडनहून ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाले, ते त्यांना. दहा लाख डॉलरचे पारितोषिक. १४० हून अधिक देशांतून आलेल्या बारा हजारांवर नावांतून केलेली निवड. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली.

आता कुणी म्हणेल, यात वेबसाइट कुठे आली? बरोबर आहे, ही वेबसाइटची गोष्ट नव्हे. पण वेबसाइटने जे करावे अशी आपली अपेक्षा असते, ते इथे घडलेले दिसते. खेड्यातल्या एका माणसाचे काम त्याला न ओळखणाऱ्यांना दुरून दिसले, तपासता आले, पटले. बारा हजार नावांच्या ढिगात ‘मी उपक्रमशील शिक्षक आहे’ हे वाक्य किती टिकले असते? असे वाक्य तर बारा हजार जणांनी लिहिले असणार. टिकले ते दुसऱ्याला हातात घेऊन वापरता येईल असे काम. परितेवाडीतल्या पुस्तकातला कोड नाशिकमधल्या आईच्या फोनवरही चालतो, ही नोंद आहे.

ज्यांना वेबसाइट हवीच आहे, त्यांनी पुण्यातल्या अरविंद गुप्तांची पाहावी. कानपूरच्या आयआयटीतून अभियंता होऊन टेल्कोत नोकरीला लागलेला हा माणूस. पुढे आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, रिकाम्या बाटल्या आणि जुनी वर्तमानपत्रे यांतून खेळणी करून मुलांना विज्ञान शिकवत राहिला. आयुकाच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षे काम केले. त्यांच्या संकेतस्थळावर सजावट म्हणावी असे जवळजवळ काही नाही. आहेत ती खेळणी, ती कशी करायची हे दाखवणारी चित्रे आणि फिती, आणि मराठीसह अनेक भाषांतली हजारो पुस्तके. सगळे फुकट. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांना गिऱ्हाइके नको होती, हे खरे. पण ते पान पाच मिनिटे पाहिले, तर या माणसाला काय येते याबद्दल तिळमात्र शंका उरत नाही. ‘मला विज्ञान सोपे करून सांगता येते’ असे वाक्य तिथे मला कुठे आढळले नाही, लागतही नाही.

सगळेच काही डिसले किंवा गुप्ता होणार नाहीत, आणि व्हायची गरजही नाही. माझ्या माहितीतले एक साधे उदाहरण सांगतो. तालुक्यातल्याच एका गावात एक सून आहे. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली. लग्नाआधी पुण्यात दोन वर्षे भाषांतराची नोकरी केली. लग्न होऊन इकडे आली आणि प्रमाणपत्रे ट्रंकेत गेली. पहिल्या मुलीच्या पाठोपाठ दुसरी झाली. मग एक दिवस भावाच्या मदतीने तिने वेबसाइट केली आणि मला दाखवायला आणली. ‘काका, बघा की. कुणी फोनच करत नाही.’ वर तेच हस्तांदोलन, खाली तेच ‘आम्ही’.

मी तिला विचारले, पुण्यात असताना केलेले कोणते काम आठवते? म्हणाली, ठिबक सिंचनाच्या संचाची माहितीपत्रके. मग ते ठेव. ‘ते कसं ठेवणार, ते कंपनीचं आहे.’ तिचे म्हणणे रास्त होते. गिऱ्हाइकाचा कागद परवानगीवाचून चव्हाट्यावर मांडणे म्हणजे खातेदाराची शिल्लक फलकावर लिहिण्यासारखेच. शेवटी तिनेच तोड काढली. ठिबकची देखभाल कशी करावी यावर स्वतःच दीड पानाचा इंग्रजी मजकूर लिहिला, शेजारी त्याचे मराठी केले, आणि वर स्पष्ट लिहिले, ‘हा नमुना आहे, कुणासाठी केलेले काम नाही.’ खाली एक टीप जोडली. ‘ड्रिपर’ला मराठी शब्द बनवला नाही, कारण शेतकरी ड्रिपरच म्हणतो, ‘फर्टिगेशन’ मात्र ‘ठिबकमधून खत देणे’ असे फोडून सांगितले, कारण मूळ शब्दाने त्याला अर्थबोध होत नाही. मला विचाराल तर सगळ्या वेबसाइटमध्ये ही चार ओळींची टीपच सोन्याची. भाषांतर कसे झाले हे गिऱ्हाइकाला कळेलच असे नाही. पण करणारी बाई विचार करून शब्द ठेवते, हे त्याला कळते.

असे आणखी दोन नमुने आले. हस्तांदोलन गेले, ‘आम्ही’चे ‘मी’ झाले. किती शब्दांना किती दिवस लागतात, हे लिहिले. कोणते काम करत नाही, हेही लिहिले : कोर्टाची कागदपत्रे नाहीत, औषधांची नाहीत. हे लिहायला ती कचरत होती. ‘काम कमी नाही का होणार?’ उलट होते. दुकानदार जेव्हा म्हणतो, ‘ही वस्तू आमच्याकडे चांगली मिळत नाही, समोरच्याकडे घ्या,’ तेव्हाच आपण त्याच्या बाकीच्या वस्तूंवर भरवसा ठेवतो.

वकिलांच्या बाबतीत तर कायद्यानेच ही शिस्त लावली आहे. वकिलाला जाहिरात करता येत नाही. २००८ साली बार कौन्सिलने नियम ३६ मध्ये दुरुस्ती करून वेबसाइटला मुभा दिली, पण तिच्यावर नाव, पत्ता, फोन, सनदेचा आणि नोंदणीचा तपशील, शिक्षण आणि कोणत्या प्रकारची वकिली करतो, एवढेच. दर्जा नाही, तत्परता नाही. वकील मंडळी यावर कुरकुरतात. मला तर वाटते, हा नियम सगळ्यांनाच लावावा!

तर त्या सुनेच्या घरी खरा प्रश्न उभा राहिला तो फोन नंबरचा. सासरे म्हणाले, ‘घरच्या बाईचा नंबर आन् फोटू असा जगाला दाखवायचा?’ तिच्या नवऱ्याला त्यात मागासलेपण दिसले आणि दोन दिवस घरात धुसफूस झाली. मला मात्र सासऱ्यांचे म्हणणे सगळेच टाकून देण्यासारखे वाटले नाही. नको त्या वेळी येणारे नको ते फोन ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. मार्ग साधा होता. कामापुरता वेगळा ई-मेल; पानावर चौकशीचा रकाना; घरचा पत्ता नाही, फक्त ‘माढा, जिल्हा सोलापूर’. फोटो ठेवायचा की नाही, हे तिचे तिने ठरवायचे. तिने ठेवला. सासऱ्यांनी पाहिला आणि म्हणाले, ‘ह्यापेक्षा लग्नातला चांगला हुता.’

पहिले सात महिने एकही चौकशी आली नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण वेबसाइट विकणारे हे सांगत नाहीत. आठव्या महिन्यात पुण्याच्या एका संस्थेतून पत्र आले. संस्थेला तिचे नाव कुणी सांगितले? तर जुन्या नोकरीतल्या मैत्रिणीने. मग वेबसाइटचा उपयोग काय झाला? नाव ऐकल्यावर त्यांनी ते संगणकावर शोधले, ते पान सापडले, ठिबकची टीप वाचली, आणि दुसऱ्या कुणाला विचारायची गरज राहिली नाही. सोयरिकीत असते तसेच आहे. स्थळ कुणीतरी सुचवतो, पण गावात चौकशी केल्याशिवाय कोण पुढे जातो? वेबसाइट बहुधा स्थळ आणत नाही. ती चौकशीला उत्तर देते. हे समजले, की ‘आठ दिवसांत तुमचे नाव पहिल्या पानावर आणतो’ म्हणणाऱ्यांना किती पैसे द्यायचे, हेही समजते.

चौकशीपर्यंतची वाट मात्र मोकळी हवी. माढ्याच्या माणसाला हे वेगळे सांगावे लागू नये. आमच्या गावात विठ्ठलाचे मंदिर आहे. स्वारीच्या धामधुमीत पंढरपूरची मूर्ती इथे हलवली होती, असे परंपरा सांगते. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात या मूर्तीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि मूळ मूर्ती कोणती यावर बरीच वादळी चर्चा झाली. त्या वादात पडण्याचा माझा अधिकार नाही. पण वारीची वाट पंढरपूरला जाते, माढ्याला नाही, आणि आषाढीला आमचा विठोबा बऱ्यापैकी निवांत असतो. अस्सल असणे वेगळे आणि वाटेवर असणे वेगळे.

संगणकावरची वाट अक्षरांतून जाते. जुन्या काळी, म्हणजे नव्वदच्या दशकात, मराठी मजकूर ज्या फॉन्टमध्ये टाइप केला तो फॉन्ट दुसऱ्याच्या यंत्रात नसला, की कादंबरीच्या प्रकरणाच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा दिसे. युनिकोड आल्यावर ती पीडा गेली. २०१४ पासून तर ‘.भारत’ असे शेपूट लावून संकेतस्थळाचे नावही देवनागरीत घेता येते. तरीही आपली मंडळी सगळा मजकूर सुंदर नक्षीच्या चित्रात बसवतात आणि चित्रच पानावर डकवतात, लग्नपत्रिकेसारखे. शोधणाऱ्या यंत्राला चित्रातला मजकूर साध्या अक्षरांइतका सहज सापडत नाही. नाव, गाव आणि काम साध्या अक्षरांत, मराठीत आणि इंग्रजीतही, लिहिलेले असावे. दर्जेदार डाळिंब विकणाऱ्याच्या पानावर ‘डाळिंब’ हा शब्द फक्त चित्रात असेल तर तो कुणाला सापडणार?

इथे कुणीही विचारील, की एवढा खटाटोप कशाला? फेसबुक आहे, इन्स्टाग्राम आहे, फुकट आहे. असू दे की! त्यांचा उपयोग जरूर करावा. माणसे तिथेच भेटतात. पण ती दुसऱ्याची भिंत आहे. एके काळी जिओसिटीज नावाच्या ठिकाणी जगभरातल्या हौशी लोकांनी आपापली पाने थाटली होती. १९९९ मध्ये याहूने ते विकत घेतले आणि २००९ मध्ये बंद केले. ऑर्कुट तर आपल्याकडच्या पोरांनी डोक्यावर घेतले होते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी गूगलने त्याला टाळे ठोकले. मालकाने वाडा पाडायचा ठरवला, की भाडेकरूने लावलेल्या तुळशीचे काय होते, हे आपण जाणतो.

स्वतःचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते घ्यायला वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आत-बाहेर खर्च येतो. वाढदिवसाच्या एका फ्लेक्सला लोक याहून जास्त घालवतात. पण ते नाव कायमचे विकत मिळत नाही. दुकानाच्या परवान्यासारखे ठरल्या मुदतीला नूतनीकरण करावे लागते. आणि ते कुणाच्या नावावर नोंदले आहे, हे शंभरदा तपासावे. आमच्या ओळखीच्या एका फोटोग्राफरने सगळे एका डिझायनरवर सोपवले. नाव त्या डिझायनरच्या खात्यात, त्याच्याच ई-मेलवर. तीन वर्षांनी डिझायनर धंदा गुंडाळून कुठेतरी निघून गेला, मुदत संपली, कुणालाच स्मरणपत्र आले नाही, आणि नाव तिसऱ्याच माणसाने उचलले. आज फोटोग्राफरच्या व्हिजिटिंग कार्डावरचा पत्ता उघडला, की लग्नाच्या फोटोंऐवजी सट्ट्याच्या जाहिराती दिसतात. कार्डे पाचशे छापली होती. लॉकर आपला आणि किल्ली सुताराकडे, असे आपण बँकेत कधी करू का?

जुनी खोड म्हणून आणखी एक सांगतो. वेबसाइटवर चौकशीचा रकाना ठेवला, की कामाबरोबर ठकही येतात. ‘मोठं काम देतो, आधी नोंदणीपोटी अनामत भरा’ असा निरोप आला, की तिथेच थांबावे. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. ‘पैसे पाठवलेत, स्वीकारण्यासाठी पिन टाका’ म्हणणारा तर चोरच. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो. परदेशातले खरे गिऱ्हाईक मिळाले तर पैसे कशापोटी आले याचा ठरावीक कोड बँकेला कळवावा लागतो आणि रक्कम आल्याचा दाखला मागून घ्यावा लागतो. लहान शाखेतल्या कारकुनाला हे पटकन सुचले नाही, तर त्याच्यावर डाफरू नये. त्याच्याकडे असे प्रकरण वर्षातून एखादे येत असेल.

त्या सुनेकडे आता महिन्याला दोन-तीन कामे असतात. पुण्यातल्या पगाराइतके मिळत नाही. मुलींच्या शाळेचा खर्च निघून थोडे उरते. दर तिमाहीला ती एक नवा नमुना चढवते, तारखेसह. मागचा नमुना सौरपंपावरचा होता, आणि ‘इन्व्हर्टर’ या शब्दाचे काय करावे यावर घरात रात्री जेवताना वाद झाला, म्हणे. सासऱ्यांचे मत पडले, की असू दे तसाच. त्यांच्या घरात भिंतीवर कॅलेंडर आहे. त्यात दुधाचे रतीब, गॅसची टाकी आणि उसाच्या पाण्याची पाळी लिहिलेली असते. मार्चच्या पानावर सासऱ्यांच्या अक्षरात एक नोंद आहे : ‘सूनबाईच्या नावाचे पैसे भरणे.’